मागच्या शॉकअपचे सहा क्लिक

अण्णा,

तुम्ही गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून कळली. सकाळी कुकर लावून फोन हातात घेतला, तर तुमचा फोटो होता, गॅरेजच्या दारातला, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. हीच ती माणसं. दीड वर्षापूर्वी याच ग्रुपवर माझ्या नवऱ्याने, सुधीरने, लिहिलं होतं, की जयनगरच्या मल्हारअण्णांकडे गाडी नेऊ नका, सस्पेन्शनचं काम बेजबाबदारपणे करतात, आमच्या आईला त्यामुळे अंथरूण धरावं लागलं. तेव्हा याच लोकांनी 'सांगितलंत ते बरं झालं' म्हणत अंगठे दिले होते. मी दोन्ही वेळा काही लिहिलं नाही.

तुमचं काम बेजबाबदार नव्हतं. गाडीच्या शॉकअपच्या नॉबना हात मी लावला होता. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्हाला कळलं आहे हे मलाही कळलं होतं. तिसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. बोलते आहे तुमच्याशी, पण छापायला देणार आहे मंडळाच्याच अंकात. तुमची बदनामी जिथे झाली तिथेच हे वाचलं गेलं पाहिजे.

आमची गाडी तुमच्याकडे पहिल्यांदा आली ती बिघडलेली नव्हती, सुधारलेली होती. सुधीरच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात गाड्यांचं वेड असलेली चार मंडळी आहेत. त्यांच्या नादाने त्याने बाहेरून आणलेलं सस्पेन्शनचं किट बसवून घेतलं. नवे स्प्रिंग, धक्के शोषणारे नवे शॉकअप, प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर कमीजास्त करायचा नॉब. गाडी इंचभर खाली बसली, दिसायला झकास झाली, आणि आत बसणाऱ्याची मात्र बैलगाडी झाली. सासूबाईंच्या कण्याचा एक मणका आधीच दबलेला. दर गुरुवारी त्यांना सर्जापूर रोडवरून जयनगरला फिजिओथेरपीला न्यायचं, म्हणजे जाऊन येऊन त्या दोन दिवस झोपून. मंडळात कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. आपलेच आहेत, म्हणाले, तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेल्या मराठी घरांपैकी. मराठी जरा वेगळं बोलतात, पण हात सोन्याचा आहे.

"कोण बसतं गाडीत?" तुमचा पहिला प्रश्न.

"मी चालवतो, ही पण चालवते," सुधीर सांगू लागला. "हायवेला मला जरा टाइट..."

"चालवणारं नको सर. बसतं कोण?"

मग तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "अज्जी, स्वल्प आत बसा बघू," आणि मागचं दार उघडून धरलंत. त्या बसल्यावर गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडलात. गाडी किती वेळ डुलते हे तुम्ही बघाल असं मला वाटलं. तुम्ही खिडकीतून आत बघत होता.

"दुखलं काय?"

"नाही हो, छान आहे," सासूबाई म्हणाल्या. परक्या घरी मिठाचा चहा दिला तरी त्या छानच म्हणतात.

"छान म्हणून तोंड बोलतंय," तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात. "डाव्या हातानं सीट धरलीय, बघा."

खरंच धरली होती. मी त्यांच्याबरोबर तेवीस वर्षं राहते आहे, मी तो हात कधी बघितला नव्हता.

त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मला अजून क्रमाने आठवतं. आधी चारही टायरची हवा. गाडी आदळते म्हणून येणाऱ्या निम्म्या लोकांची नुसती हवाच जास्त असते, हे तुमचं म्हणणं. मग उंची. गाडी खाली बसवली की स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही, ती शेवटच्या रबरावर जाऊन आपटते, आणि ते आपटणं सरळ पाठीत जातं. तुम्ही गाडी पुन्हा वर घेतलीत तेव्हा सुधीरचा चेहरा पडला होता. सगळ्यात शेवटी नॉब. डिकीतलं अस्तर बाजूला करून तुम्ही मागच्या शॉकअपचा नॉब पूर्ण आवळलात, म्हणजे सगळ्यात कडक, आणि तिथून एकेक क्लिक मागे आणत मोठ्याने मोजलंत. ओंदु, एरडु, मूरु. मराठी माणूस, आकडे मात्र कन्नड. मग चप्पल काढून सासूबाईंच्या शेजारी मागे बसलात आणि सुधीरला चार गल्ल्यांतून फिरवलंत. परत आलात, अजून दोन क्लिक, पुन्हा फेरी. पाचव्या फेरीला सासूबाईंचा डावा हात सीटवर नव्हता. पर्समध्ये होता, बडीशेपेची डबी शोधत.

"झालं," तुम्ही म्हणालात. मागे अठरा क्लिक. पांढऱ्या पट्टीवर अठराचा आकडा लिहून ती डिकीच्या आत चिकटवलीत आणि मला बजावलंत, "अक्का, पुढचे नॉब तुमचे. दोन-तीन इकडे तिकडे करा, काही होत नाही. मागचे अज्जीचे. तिथं हात नको."

मी तुमच्यापेक्षा लहान, पण तुम्ही मला अक्काच म्हणायचात.

नंतर गुरुवार हा आपला वादाचा दिवस झाला. मी अर्धी रजा टाकून सासूबाईंना फिजिओकडे सोडायची. तासभर रिकामा मिळायचा, आणि तुमचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. समोरच्या दर्शिनीतून, त्या उभ्याने खायच्या हॉटेलातून, एक कॉफी बाय-टू करून यायची, अर्धी तुम्हाला, अर्धी मला. मी काय काम करते असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं, सरकारी प्रयोगशाळेत आहे, यंत्रं कंपनाच्या टेबलावर ठेवून हलवते आणि कुठे तुटतात ते बघते.

"तुम्ही तुटायला हलवता, मी हलू नये म्हणून बघतो," तुम्ही म्हणालात. "दोघांनी घरी बसलं तर जगाला काही फरक नाही."

मी म्हणायची, कंपन मोजता येतं. अठराच का, चौदा का नाही, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

"मोजा की. मोजू नका म्हणून कोण म्हणालं?"

"पण तुम्ही तर हात बघून ठरवता."

"आकडा बरोबर असतो अक्का. पण आकड्याला पाठ नसते."

हे वाक्य मला लागलं होतं. चोवीस वर्षं मी आकड्यांवर पगार घेते आहे. गॅरेजमधल्या माणसाने हसत हसत मला निकालात काढावं हे सहन झालं नाही. हे आता लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा वाटलं, थांबा, दाखवते.

शिवाय खरं सांगायचं तर अठरा क्लिकवर गाडी मला आवडत नव्हती. एकटी असताना रिंग रोडच्या पुलावरून वळताना मागचा भाग जरा मागाहून वळल्यासारखा वाटायचा. मी चांगली गाडी चालवते, आणि चांगली चालवते याचा मला गर्व आहे. एका शुक्रवारी ऑफिसला निघायच्या आधी मी डिकी उघडली आणि मागचे दोन्ही नॉब सहा-सहा क्लिक आवळले. अठराचे बारा झाले. गाडी पुलावर रुळावरून गेल्यासारखी गेली. मला फार आनंद झाला.

मग मी फोनवर कंपन मोजायचं ॲप घेतलं, फोन चालकाच्या सीटजवळ पायाशी चिकटपट्टीने चिकटवला आणि अठरावर व बारावर त्याच रस्त्याने दोनदा गेले. दोन्ही आलेख जवळजवळ सारखे. तुम्हाला दाखवायला मी ते छापूनही घेतले होते.

फोन मी माझ्या सीटजवळ लावला होता. सासूबाई बसतात मागे, मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात सांगते, की सेन्सर जिथे लावायला सोपा तिथे लावायचा नाही, जिथे वस्तू तुटेल तिथे लावायचा. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की ते माझी नक्कल करतात. आणि स्वतःच्या गाडीत मी सेन्सर माझ्या पायाशी लावला, कारण मोजायचं होतं ते माझं सुख.

तीन आठवडे मी असं केलं. शुक्रवारी बारा, बुधवारी संध्याकाळी परत अठरा. गुरुवारी तुमच्याकडे येऊन कॉफी प्यायची, आणि मनात म्हणायची, अजून थोडी मापं घेते, मग एकदम समोर ठेवते.

चौथ्या गुरुवारी ऑफिसात मोठी तपासणी होती. सासूबाईंना सुधीर नेणार होता. बुधवारी मी दमून आले. भाजीची पिशवी काढायला डिकी उघडली. नॉब माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होते. विसरले असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. मी विसरले नव्हते. मला आठवलं. मनात आलं, वाकायचं, अस्तर काढायचं, मोजायचं. एका दिवसाने काय होतंय? माझा आलेख सांगतोच आहे, काही होत नाही. डिकी बंद केली आणि वर गेले.

गुरुवारी सर्जापूर रोडला एका नव्या, रंग न दिलेल्या गतिरोधकावरून गाडी गेली. सुधीर म्हणतो, वेग फार नव्हता. सासूबाई "आई गं" एवढंच म्हणाल्या. खालचा आणखी एक मणका गेला. सहा आठवडे त्या पाठीवर पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, हाडं इतकी ठिसूळ आहेत की जोराच्या शिंकेनेही झालं असतं. ते शिंकेचं वाक्य मी फार दिवस उराशी धरून बसले होते. झालं असतं, असेल. शिंकेने झालं नाही.

शुक्रवारी सकाळी उठल्याबरोबर खाली जाऊन नॉब परत फिरवावेत असं माझ्या मनात आलं. ते मी केलं नाही. पण त्याचं श्रेय मला देऊ नका. गाडीची किल्ली सुधीरने स्वतःकडे ठेवली होती.

शनिवारी तो तुमच्याकडे निघाला तेव्हा मी बरोबर आले. त्याला आवरायला येते असं म्हटलं. खरं म्हणजे तुम्हाला काय सापडतं ते मला बघायचं होतं.

दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर सुधीर म्हणाला, "लायकी नाही तर कामं घेता कशाला? माणसं मारायला बसलायत इथे? आई झोपून आहे माझी!"

"अज्जी कशा आहेत ते आधी सांगा," तुम्ही म्हणालात.

"आईचं नाव काढू नका. गाडी बघा."

तुम्ही चप्पल काढून डिकीत वाकलात. अस्तर बाजूला केलंत. नॉब आवळत गेलात आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मनात मोजलंत. ओठसुद्धा हलले नाहीत. पण बोटं हलत होती आणि मीही मोजत होते. बारा. मग दुसऱ्या बाजूचा. बारा. शेजारी तुमच्याच हाताने लिहिलेली पट्टी, अठरा. तुम्ही तसेच वाकलेले असताना वर बघितलंत. माझ्या तोंडाकडे नाही. माझा डावा हात डिकीच्या कडेला होता, आणि त्याची बोटं पांढरी पडली होती.

तुम्ही सरळ झालात. कापडाला हात पुसलेत.

"नॉब सैल राहिला असेल सर. चालता चालता फिरतो कधी. माझी चूक."

"चूक म्हटलं की संपलं?"

"संपत नाही सर."

अण्णा, नॉब चालता चालता फिरत नाही. क्लिक कशासाठी असतो? आणि फिरलाच, तर दोन्ही बाजूंचे, त्याच दिशेला, मोजून सहा-सहा? सुधीर सॉफ्टवेअरवाला, त्याला ते सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं. ते माझंच शास्त्र आहे. 'थांब सुधीर, हे शक्य नाही,' हे पाच शब्द. ते मी बोलले नाही. उलट सुधीरचा दंड धरून म्हणाले, "चल आता, जाऊ दे." जाऊ दे! जशी मीच तुम्हाला माफ करत होते.

त्या संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं. किट दुसरीकडे जाऊन काढून टाकलं. मंडळाच्या गाड्या तुमच्याकडे यायच्या बंद झाल्या.

दोन आठवड्यांनी मी एकटी आले. सांगायला आले होते. तुम्ही सासूबाईंची चौकशी केलीत, काय खातात, कुशीवर वळता येतं का. उठून बाय-टू कॉफी आणलीत. मी वीस मिनिटं बसले. तुम्ही म्हणालात, "डावं पुढचं टायर आतून घासतंय अक्का, बघून घ्या." मी बरं म्हटलं आणि निघाले. तुम्ही मला बोलूच दिलं नाही, असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत आले. वीस मिनिटांत तुम्ही फार तर पाच मिनिटं बोललात. उरलेली पंधरा माझी होती.

पुन्हा मी आले नाही. त्या गल्लीतून जायचंही टाळलं.

तुम्ही तसं का केलंत हे मला कधी कळलं नाही. आमचं घर मोडू नये म्हणून? गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही या सवयीने? की तुमच्या लेखी ती खरंच तुमची चूक होती, की अक्काच्या हाती गाडी देऊन तिच्यावर विश्वास ठेवला? मला तुमचा रागही आला होता, हे सांगायला हवं. तुम्ही मला न विचारता वाचवलंत. तिथल्या तिथे 'हे कुणी फिरवलं' असं विचारलं असतंत तर मी लगेच कबूल केलं असतं, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

कारण विचारलं गेलं, आणि तेव्हाही मी कबूल केलं नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी गॅरेजमागच्या तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नी, रुक्माक्का, त्यांना मी याआधी दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही कंपनवाल्या अक्का ना? ते सांगायचे. भांडतात पण कॉफी आणतात म्हणून."

मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या गाडीत काय चूक केली हो त्यांनी? मी विचारलं, तर 'सुम्मने बस' म्हणून मला गप्प केलं. तुमची माणसं यायची थांबली, तरी बोलले नाहीत. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला ठाऊक असेल. केली असेल तर केली म्हणून सांगा. मला फक्त कळायला पाहिजे."

अण्णा, एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. आणि मी म्हणाले, "त्यांची चूक नव्हती. पार्टच खराब होता, कंपनीचा."

किती सहज म्हणाले. आवाजही नीट होता. रुक्माक्कांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सरी. मग त्यांची नव्हती." त्यांचा चेहरा इतका निवळला, की क्षणभर मला वाटलं, झालं की काम. त्यांनाही बरं वाटलं, माझंही झाकलं गेलं. मग त्यांनी विचारलं, "तर ते तुमच्या यजमानांनी सगळ्यांना कळवलं का? पार्टचं होतं म्हणून?"

"कळवायला सांगते," म्हणाले आणि उठले. पायात चपला नीट गेल्या नाहीत.

घरी सासूबाई शेंगा मोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. त्यांनी मोडणं थांबवलं नाही.

"म्हणजे तू केलंस."

"हो."

"आणि दर बुधवारी परत ठीक करायचीस?"

"हो."

"मग त्या बुधवारी?"

"आठवलं होतं. कंटाळा केला."

त्यांनी आणखी दोन शेंगा मोडल्या. मग त्या म्हणाल्या, "सहा आठवडे माझं सगळं अंथरुणात. तू काढायचीस. एकदा नाक मुरडलं नाहीस. फोनवर माझ्या बहिणींना सांगत सुटले होते मी, अशी सून मिळायला भाग्य लागतं." मग माझ्याकडे बघून, "आता ते मी परत कसं घेऊ, सांग."

मी मूठभर शेंगा माझ्याकडे ओढून मोडायला लागले.

"माझं राहू दे," शेवटी म्हणाल्या. "माझी पाठ, माझी सून, मी बघेन काय करायचं ते. त्या बाईचं काय करणार आहेस?"

सुधीर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाला, "मी त्या माणसाला चारचौघांत काय काय बोललो."

"हो."

"आणि तू बाजूला उभी होतीस."

"हो."

त्याने ग्रुपवर लिहिलं, चूक मल्हारअण्णांची नव्हती, आमच्या घरातली होती, मी चुकीचं लिहिलं होतं. नाव घातलं नाही. घाल म्हटलं तर म्हणाला, "ते तू लिही."

त्या रविवारी मी पुन्हा रुक्माक्कांकडे गेले. या वेळी बसले नाही, दारातच सांगितलं. अठरा, बारा, बुधवार, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बारा म्हणून त्यांना कळलं होतं?"

"हो."

"आणि तुमच्याकडे बघितलं?"

"माझ्या हाताकडे."

त्या एकदम हसल्या. "हातच बघायचे. मला बघायला आले तेव्हा पण तोंड बघितलं नाही. परात उचलते कशी ते बघत होते." आणि हसता हसताच आवाज बदलला. "त्या दिवशी मला का खोटं सांगितलं? मी भांडले नसते. मी विचारलं होतं फक्त."

मी तशीच दारात उभी राहिले.

"तुमच्या मंडळाचा पेपर निघतो ना, त्यात लिहा," त्या म्हणाल्या. "नाव घालून. मला ती अक्षरं येत नाहीत. मराठी बोलतो आम्ही, वाचतो कन्नड. छापायच्या आधी इथं येऊन मला वाचून दाखवायचं. एक ओळ सोडायची नाही."

तर काल मी तिथे जाऊन हे सगळं मोठ्याने वाचलं. एखाद्या गोष्टीची लाज वाटणं वेगळं आणि ती दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या तोंडाकडे बघत वाचणं वेगळं. 'पार्टच खराब होता' हे वाक्य आलं तेव्हा मी कागद मांडीवर ठेवला. रुक्माक्कांनी पाणी दिलं नाही. थांबल्या. मग "पुढे," म्हणाल्या.

त्यांनी दोनच गोष्टी बदलायला लावल्या. सुधीर तुम्हाला गॅरेजमध्ये जे बोलला ते मी जरा सौम्य करून लिहिलं होतं. "तसं नव्हते बोलले. मी आत होते, ऐकलं मी. जसं बोलले तसं लिहा." मी तसं लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट शेवटची. शेवटी मी तुमची माफी मागितली होती. चांगला परिच्छेद होता, मनापासून लिहिला होता. रुक्माक्कांनी तो पुरता ऐकला आणि म्हणाल्या, "हे काढा."

"का?"

"ते काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. असू द्या अक्का म्हणतील. म्हणून त्यांना विचारताय. मी इथं समोर बसलेय, मला विचारलं नाही."

मग मी त्यांना विचारलं.

त्या आमच्यामधले कॉफीचे दोन पेले उचलून आत गेल्या. माझा भरलेलाच होता.

तो परिच्छेद मी काढला आहे, अण्णा.